मानधन

मागच्या वर्षी एप्रिल-मे-जूनमध्ये, दर महिन्यात दोन दिवस, असं सहा दिवसांचं मी एक ट्रेनिंग केलं. संस्थाप्रमुखांसाठी मॅनेजमेंट ट्रेनिंग. नाव ऐकूनच मला जांभई आली होती, खरं सांगते. मी काही मॅनेजर नाही, आमच्या संस्थेची सचिव आहे, म्हणजे संध्याकाळी अभ्यासिका उघडली की नाही ते पाहणारी, लाइट बिल भरणारी, ऑडिटरला फोन करणारी आणि दिवाळीत दात्यांच्या घरी फराळाचं पाकीट नेऊन देणारी. पण फी एका दात्यानं भरली होती आणि परत मागता येणार नव्हती, मग गेले.

नागपुरात मे महिन्यात घरातून निघायचं म्हणजे काय ते नागपूरकराला सांगायला नको. डोक्याला दुपट्टा, डोळ्याला गॉगल, पर्समध्ये कांदा (हो, मी अजूनही ठेवते). टेलिफोन एक्स्चेंज चौकातून मेट्रो, सिताबर्डीला बदलायची, मग वर्धा रोडवर उतरून दहा मिनिटं चालायचं, आणि ती दहा मिनिटं म्हणजेच सगळं ट्रेनिंग असं पहिल्या दिवशी वाटलेलं. हॉलमध्ये दोन मोठे कूलर इतके घरघर करत होते की पहिले अर्धा तास सगळ्यांनी एकमेकांची नावं ऐकली ती ओठांवरून.

तीसेक जण होतो. गडचिरोलीकडचे दोघं, यवतमाळची एक ताई जी शेतकरी विधवांच्या बचत गटांचं काम करते, वर्ध्याचे एक सर, चंद्रपूरचे, भंडाऱ्याचे आणि बाकी आम्ही नागपूरचे. ट्रेनर बाई पुण्याच्या. फार चांगल्या होत्या पण पहिल्या दिवशी त्यांनी भिंतीभर पिवळ्या चिठ्ठ्या लावायला लावल्या आणि मला कळलं की आता आपली सुटका नाही. थिअरी ऑफ चेंज, स्टेकहोल्डर मॅपिंग, लॉगफ्रेम. लॉगफ्रेम म्हणजे तो चौकोनांचा तक्ता, ज्यात डाव्या बाजूला तुमचं ध्येय आणि उजव्या बाजूला ते पूर्ण झालं हे कशावरून. हा तक्ता १९६९ साली अमेरिकेच्या परदेशी मदत देणाऱ्या खात्यासाठी तयार झाला असं त्यांनी सांगितलं, म्हणजे पैसे देणाऱ्याला लांब बसून हिशोब पाहता यावा म्हणून. हे ऐकल्यावर मला तो तक्ता एकदम समजला. आधी वाटायचं आपल्यालाच येत नाही, पण तो आपल्यासाठी नव्हताच ना.

मग एक टेस्ट झाली, तुम्ही कोणता पक्षी आहात. मोर, गरुड, कबुतर, घुबड. मी घुबड निघाले. यवतमाळची ताई गरुड निघाली आणि तीन महिने आम्ही तिला गरुडताईच म्हणत होतो. याचा संस्थेला काय उपयोग झाला ते विचारू नका.

कामाचे आकडे ऑनलाइन दाखवणाऱ्या डॅशबोर्डच्या सेशनला गडचिरोलीचे भाऊ शांतपणे म्हणाले, "मॅडम, आमच्याकडं नेटच नाई राहत, तं डॅशबोर्ड कायच्यावर पाहू?" सगळे हसले. ट्रेनर बाईपण हसल्या आणि मग त्यांनी ते सेशन आटोपतं घेतलं, त्याबद्दल त्यांना पूर्ण मार्क.

कायद्याचं सेशन मात्र मला आवडलं, कारण तिथं सगळ्यांची लक्तरं एकदम बाहेर आली. महाराष्ट्रात विश्वस्त बदलला की ९० दिवसांच्या आत धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट टाकावा लागतो, हे सगळ्यांना माहीत होतं आणि निम्म्यांनी टाकला नव्हता. आमच्याच पीटीआरवर (धर्मादाय कार्यालयातल्या नोंदवहीवर) दोन जण आजही विश्वस्त आहेत जे २०१६ मध्ये वारले. वर्ध्याच्या सरांकडे तीन. ते म्हणाले आमची मीटिंग भरली तर कोरमसाठी पितरांना बोलवावं लागतं. मग इन्कम टॅक्सच्या सवलतीच्या नोंदण्या, १२एबी आणि ८०जी, ठरावीक वर्षांनी रिन्यू करायच्या, दात्यांची यादी १०बीडी फॉर्ममध्ये भरायची, त्याशिवाय त्यांना देणगीचं १०बीई सर्टिफिकेट मिळत नाही. हे सगळं आमचे कोषाध्यक्ष काका करतात. बँकेतून रिटायर झालेले, वय ७१, त्यांना काही झालं तर आमच्या संस्थेचा इन्कम टॅक्सचा पासवर्डसुद्धा कुणाला माहीत नाही. मी घरी येऊन पहिलं काम केलं ते हे की काकांना पासवर्ड विचारला. त्यांनी एका जुन्या डायरीत, पंचांगाच्या पानावर, पेन्सिलनं लिहून ठेवला होता.

पण मला सांगायचंय ते मेमधल्या दुसऱ्या दिवसाबद्दल. सकाळी तर्री पोहे झाले होते आणि तर्री जरा जास्तच झाली होती, त्यामुळे सगळे सुस्तावलेले. ट्रेनर बाई म्हणाल्या, आज फक्त एक काम करायचं. तुमच्या कामाचं एक एकक घ्या, एक मूल, एक पेशंट, एक बचत गट, काहीही, आणि त्याचा वर्षाचा खरा खर्च काढा. खरा म्हणजे जे फुकट मिळतं तेही बाजारभावानं लिहायचं.

मला वाटलं, हे तर आपल्याला पाठ आहे. आमच्या चार वस्त्यांमधल्या चार अभ्यासिका, १६० मुलं, वर्षाचा खर्च १४ लाख ४० हजार. भागाकार केला की एका मुलाचे वर्षाला ९ हजार. हाच आकडा आमच्या पत्रकावर छापलेला आहे, खाली ठळक अक्षरात, "प्रशासकीय खर्च फक्त ६ टक्के". ही ओळ मीच घातली होती. दात्यांना ती फार आवडते. एकदा एका कंपनीच्या साहेबांनी ती वाचून खुर्चीत पुढे सरकून मला विचारलं होतं, "ताई, हे कसं जमवता तुम्ही?" आणि मी जे हसले होते, ते आठवलं की आता अंगावर काटा येतो.

मग लिहायला बसले. आमची संस्था ज्यांनी सुरू केली त्या बाईंच्या घराचा खालचा मजला, जिथं आमचं ऑफिस आणि एक अभ्यासिका आहे, भाडं शून्य. बाजारभावानं महिना १२ हजार तरी. काकांचं हिशोबाचं काम, शून्य. कुणी ठेवला तर ८ हजार. माझं काम, शून्य. हे लिहिताना जरा लाज वाटली, पण बाजूच्या गरुडताई म्हणाल्या लिही बिनधास्त, म्हणून १२ हजार लिहिले. आणि मग आठ ताई.

आमच्या प्रत्येक अभ्यासिकेत दोन ताई असतात, वस्तीतल्याच, बारावी झालेल्या, दोघी-तिघी बीए. संध्याकाळी तीन तास मुलांना शिकवतात, सकाळी घरोघर फिरतात, कोण शाळेत गेलं नाही, कुणाच्या बापानं पुस्तकं विकली, कुणाचं लग्न ठरवताहेत चौदाव्या वर्षी. हे सगळं काम त्या करतात आणि आम्ही त्यांना महिन्याला ६ हजार मानधन देतो. ट्रेनर बाई म्हणाल्या, समजा ती सोडून गेली, तर तिला बाहेर किती मिळतील तो आकडा लिहा.

हा आकडा मला कुठं शोधायची गरजच नव्हती. दीड वर्षापूर्वी आमच्या सगळ्यात जुन्या ताई सोडून गेल्या होत्या, अकरा वर्षांनंतर, मॉलमधल्या एका कपड्यांच्या दुकानात. १२ हजारांवर. तेव्हा मी ऑफिसमध्ये सगळ्यांसमोर म्हटलं होतं की शेवटी पैसा जिंकला. हे वाक्य मी बोलले होते, दुसऱ्या कुणी नाही.

१२ हजार लिहिले. आठ जणी, जास्तीचे महिना ४८ हजार, वर्षाचे ५ लाख ७६ हजार. त्यात भाडं, काका आणि मी, ३ लाख ८४ हजार. बेरीज ९ लाख ६० हजार. म्हणजे खरा खर्च २४ लाख, एका मुलाचे १५ हजार. आणि ९ हजार कसे जमवता या प्रश्नाचं उत्तर समोर कागदावर, माझ्याच अक्षरात होतं. उरलेले सहा हजार आपोआप जमत नव्हते, कुणीतरी देत होतं. त्या ९ लाख ६० हजारांतले ६० टक्के आठ जणी देत होत्या, वस्तीतल्या बाया, ज्यांच्या घरी नळाला दिवसाआड पाणी येतं. आमच्या वार्षिक अहवालात दात्यांची यादी असते, ५ हजारांच्या वर देणाऱ्या प्रत्येकाचं नाव, आजोबांच्या स्मरणार्थ, आजीच्या पुण्यतिथीनिमित्त. दर वर्षी प्रत्येकी ७२ हजार देणाऱ्यांचं नाव त्यात कधीच नव्हतं.

चहा झाला तेव्हा मी बाहेर आले, बाहेर ४५ डिग्री, पण आत बसवत नव्हतं.

त्या दिवशी दुपारी ट्रेनर बाईंनी सांगितलं की हे काही आपल्याकडचंच नाही. २००९ साली अमेरिकेत एका मॅगझिनमध्ये लेख आला होता, तेव्हापासून या प्रकाराला 'स्टार्व्हेशन सायकल' म्हणतात. पैसे देणाऱ्याला वाटतं ऑफिसचा खर्च कमी असावा, संस्था मग तो कमी दाखवते, तो आकडा पाहून पैसे देणाऱ्याला वाटतं एवढ्यात भागतं की, आणि पुढच्या वर्षी तो त्याहून कमी मागतो. संस्था हळूहळू उपाशी मरते आणि मरता मरता पत्रकावर ठळक अक्षरात छापते की बघा आम्ही किती कमी खातो.

दुसरी एक गोष्ट त्यांनी सांगितली ती संस्थावाल्यांनी लिहून ठेवावी अशी आहे. सीएसआरच्या (कंपन्यांनी समाजकामासाठी द्यायच्या पैशांच्या) नियमात जी ५ टक्के प्रशासकीय खर्चाची मर्यादा आहे ना, ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चाला आहे, ज्या संस्थेला पैसे मिळतात तिच्या खर्चाला नाही. २०२१ मध्ये सरकारनं तसा खुलासापण केलाय. आम्हाला मात्र गेली कित्येक वर्षं कंपन्यांची माणसं सांगत आली, ताई, पाच टक्क्यांच्या वर नको, कायदा आहे. आणि आम्ही मान डोलावत आलो. परदेशी पैसा घेणाऱ्यांना मात्र खरंच मर्यादा आहे, २०२० च्या दुरुस्तीनंतर ५० ची २० टक्के झाली, पण तो आमचा विषय नाही, आमच्याकडे परदेशातून आजवर फक्त बाईंच्या पुतण्याची चॉकलेटं आलीत.

घरी येताना मेट्रोत मी त्या शब्दाचा विचार करत होते. मानधन. किती सुंदर शब्द आहे. मान आणि धन. व्याख्यात्याला देतात, नारळ-शालीबरोबर पाकिटात, तिथं तो शोभतो, कारण त्याचं घर त्या पाकिटावर चालत नाही. आम्ही तो शब्द उचलला आणि वस्तीतल्या बाईला लावला. पगार म्हटलं की सुट्टी येते, वाढ येते, पीएफचा विषय निघतो. मानधन म्हटलं की मागणाऱ्यालाच ओशाळं वाटतं. अकरा वर्षांत त्या ताईंनी एकदाही वाढ मागितली नव्हती, आम्हीच चार वेळा केली होती आणि दर वेळी टाळ्या वाजल्या होत्या.

जूनच्या सेशनला मी विचारलं, मानधनवाल्यांना ग्रॅच्युइटी लागते का. हसतील असं वाटलं होतं. ट्रेनर बाईंनी सांगितलं की एप्रिल २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं गुजरातच्या अंगणवाडी सेविकांच्या केसमध्ये निकाल दिलाय, सेविका आणि मदतनीस यांना मिळतं ते मानधन म्हणजे वेतनच, आणि त्या तेव्हा लागू असलेल्या १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याखाली येतात. नाव काय दिलंय ते पाहू नका, काम काय करून घेता ते पाहा, असं त्यांचं म्हणणं. दहा माणसं असली की ग्रॅच्युइटी लागू होते, पाच वर्षं झाली की हक्क, दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार. आमच्या रजिस्टरवर बारा जण आहेत, आठ ताई, दोन संयोजिका, एक मदतनीस आणि ऑफिसचा मुलगा. सोडून गेलेल्या त्या ताईंचे किती होतात ते मी तिथंच मोबाइलवर केलं, ६ हजार भागिले २६, गुणिले १५, गुणिले ११. ३८ हजार ७७ रुपये.

कार्यकारिणीची मीटिंग जुलैच्या पहिल्या रविवारी झाली, बाईंच्या घरी, पाऊस असा की खिडकीतून पाणी आत येत होतं. मी सगळे आकडे मोठ्या कागदावर लिहून भिंतीला लावले (पिवळ्या चिठ्ठ्यांची सवय). बाई ७९ वर्षांच्या आहेत. त्यांनी १९९८ मध्ये घराच्या पोर्चमध्ये अकरा मुलं घेऊन हे सुरू केलं, आजपर्यंत स्वतः एक रुपया घेतला नाही, उलट पाटल्या मोडून पहिल्या वर्षी लिहायचे फळे आणले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पैशासाठीच करायचं असतं तर हे कुणीच केलं नसतं. अगं, या गावात कमलाबाई होस्पेट आणि वेणूताई नेने यांनी १९२१ मध्ये मातृसेवा संघ काढला, त्या काय पगार ठरवून बसल्या होत्या?"

यावर मी काय बोलणार. बाईंसमोर माझी मान वर होत नाही, त्यांच्यासमोर मी लहानाची मोठी झालेली, त्या अकरा मुलांतली एक मी आहे. पण काका बोलले. काका कधीच बोलत नाहीत, फक्त आकडे वाचतात. ते म्हणाले, "बाई, तुम्ही नाही घेतले कारण साहेबांची पेन्शन होती. मी नाही घेत कारण माझी पेन्शन आहे. त्या पोरीची काय आहे?"

बराच वेळ कुणीच बोललं नाही. चहा आला, त्यात साखर कमी होती, त्यावर थोडी चर्चा झाली. मग ओळखीचे वकील, जे सल्लागार म्हणून येतात, ते म्हणाले की ग्रॅच्युइटीचं बघा, ती केस अंगणवाडीची आहे, सरकारी योजनेची, आपल्याकडे अर्धवेळ काम, नियुक्तीपत्र नाही, त्यामुळे इथं वाद घालता येईल, म्हणजे उद्या त्यांनी क्लेम केलाच तर. सगळ्यांनी सुस्कारा सोडला, मी पण सोडला, खोटं कशाला बोलू. ३८ हजार म्हणजे आमचा चार महिन्यांचा खाऊ.

बाई म्हणाल्या, "वाद कुणाशी घालायचा? तिच्याशी? माझ्या पडवीत बसून पाढे शिकवले तिनं पोरांना." आणि मग काकांना, "लिहा चेक."

मला अजूनही नीट कळलेलं नाही की बाईंचं मत बदललं की नाही. मला वाटतं नाही बदललं. पगार हा शब्द त्या अजून उच्चारत नाहीत. पुढच्या वर्षीच्या बजेटमध्ये आम्ही ताईंचे ९ हजार धरलेत, १२ जमले नाहीत, आणि एका वस्तीतली अभ्यासिका बंद करावी लागेल की काय यावरून आमच्यात दोन गट पडलेत. चाळीस मुलांना घरी पाठवायचं का सहा ताईंना नीट पैसे द्यायचे, असा प्रश्न कुठल्या लॉगफ्रेमच्या चौकोनात बसतो ते मला ट्रेनिंगमध्ये कुणी शिकवलं नाही. पत्रकावरची ती ठळक ओळ मात्र मी काढून टाकली. कंपनीच्या साहेबांना एका मुलाचे १५ हजार लिहून पाठवले तर त्यांचा फोन आला, "ताई, टायपिंग मिस्टेक आहे का?" त्यांना दोन दिवसांनी भेटायला बोलावलं, ते आले, बसले, चहा प्यायले, विचार करून सांगतो म्हणाले. अजून विचार चालू आहे.

चेक घेऊन मी आणि काका त्या ताईंच्या घरी गेलो. त्यांचा सुट्टीचा वार बुधवार, रविवारी मॉलला सुट्टी नसते. त्यांनी खुर्च्या पुसून दिल्या, पाणी आणलं, अभ्यासिकेतल्या एकेका पोराचं नाव घेऊन विचारलं, अमक्याचं दहावीचं काय झालं, तमकीचं लग्न थांबलं का. मला निम्म्यांची उत्तरं माहीत नव्हती. मग मी चेक पुढे केला आणि समजावून सांगितलं, अकरा वर्षांचे, तुमच्या हक्काचे, वगैरे.

त्यांनी चेक हातात घेतला, वाचला, परत वाचला. मग विचारलं, "मॅडम, हे घेतलं तं मले परत यावं लागंल का?"

नाही म्हटलं.

"मंग ठीक आहे," त्या म्हणाल्या. "पण हा चेक नाई वटणार. बँकेत माहेरचं नाव आहे माझं."

अकरा वर्षं आम्ही त्यांना रोख देत होतो, व्हाउचरवर सही, पाच हजारांच्या वर गेले तेव्हापासून एक रुपयाचं तिकीट लावून. त्यांचं बँकेतलं नाव काय आहे हे विचारायची वेळच आली नव्हती. काकांनी चेक परत घेतला, त्यावर दोन आडव्या रेघा मारून रद्द लिहिलं, चष्मा पुसला, आणि पासबुक दाखवा म्हणाले.